लॉकर नंबर एकशे अठ्ठावीस

"किल्ल्या? त्या आता भंगारात द्या!" सूनबाईनं पोहण्याच्या तलावाच्या मॅनेजरला ऐटीत सांगितलं. आणि त्या भल्या माणसानं खरंच दिल्या!

कामच तसं देखणं होतं. मनगटावरची पट्टी लॉकरला लावायची. पट्टीतला नंबर आणि लॉकरचा नंबर सारखा निघाला की दार टक्कन उघडणार. प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला होता, पहिल्या वीस लॉकरवर तपासलाही होता. उद्घाटनाच्या सकाळी ती कौतुकानं सासऱ्यांनाही घेऊन आली. सासरे गणिताचे निवृत्त मास्तर. नव्या चड्डीत ते पाण्यात असे उतरले, जणू पाण्याचीच तोंडी परीक्षा घ्यायची होती!

तासाभरानं माणसं बाहेर पडू लागली. टक्, टक्, टक्! सूनबाईची मान ताठ झाली. तेवढ्यात एक वकीलसाहेब ओरडले, "अहो, माझं उघडत नाही!"

"पट्टी पुसून लावा."

"पुसली! आता पुसायला चड्डीच उरलीय!"

त्यांचा नंबर एकशे अठ्ठावीस. एकशे एकोणतीसही उघडेना. एकशे तीसही नाही! बघता बघता चाळीस माणसं ओलीचिंब, पाणी निथळत लॉकरांमधल्या बोळात उभी.

"बाई, मला अकराला कोर्टात उभं राहायचंय," वकीलसाहेब काकुळतीला आले. "असा राहू?"

सूनबाई लॅपटॉप आणायला धावली. लॅपटॉप होता लॉकर नंबर एकशे एक्केचाळीसमध्ये!

तीही पोहून आलेली; शेवटी ओल्या पोशाखावर टॉवेल गुंडाळून ती मॅनेजरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. मागे सासरे कुडकुडत उभे. "सूनबाई, माझ्या पट्टीवर एकशे बावन्न, दारावर एकशे बावन्न. मग अडतंय कुठे?"

तिनं प्रोग्राम वरपासून वाचला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, चूक माझीच. प्रोग्रामची ही भाषा एकशे सत्तावीसपर्यंतचे आकडे आधीच बनवून ठेवते. कुणीही मागितला तरी तोच आकडा काढून देते. त्याच्या पुढचा मात्र दर वेळी नवा बनवते, पट्टीसाठी एक, लॉकरसाठी दुसरा. मी विचारायला हवं होतं, 'दोन्हींची किंमत सारखी आहे का?' आणि विचारलं, 'हे दोन्ही आकडे म्हणजे एकच वस्तू आहे का?' ती म्हणाली, नाही!"

एका ओळीची दुरुस्ती. बोळात टकाटक दारं उघडली. वकीलसाहेब शर्टाची बटणं लावतच पळाले. सूनबाई मात्र खुर्चीतून उठेना. डोळे भरून आले होते. "चाळीस माणसांचे हाल केले मी, बाबा."

सासऱ्यांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. "अगं, तीस वर्षं गणित शिकवलं. दोन सारखे आकडे सारखे असतीलच कशावरून, हे एकाही पोरानं विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही! मला हे सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांग. अगदी सविस्तर!"

तिचा चेहरा उजळला. ती उत्साहानं खुर्ची वळवून बसली. "तर बघा बाबा, वस्तू म्हणजे..."

"आत्ता नको गं," सासरे दात वाजवत म्हणाले, "आधी पँट घालू दे!"