बालरोगतज्ज्ञाची हजामत

धैर्यशीलला लहान मुलांचा डॉक्टर व्हायचं होतं, आणि लहान मुलांना धैर्यशील दिसला की पळून जायचं होतं. अडचण म्हणाल तर एवढीच.

यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. सहा फूट उंची, तालमीत घोटलेलं अंग, दारात उभा राहिला तर घरात अंधार पडावा असा देह, आणि ओठावर वडिलांसारखीच पीळदार मिशी. गल्लीतल्या आयांनी या ऐवजाचा पुरेपूर फायदा उठवला होता. पोरगं जेवेना झालं की "गिळ मुकाट्यानं, न्हाईतर धैर्यादादाला हाक मारीन" एवढं म्हणायचं, ताट साफ. पुढे तो एमबीबीएस झाला तेव्हा या माउलींना कोण आनंद झाला, कारण आता धमकीत सुईसुद्धा घालता येत होती.

पुढच्या शिक्षणाला कोणती शाखा घेणार ते आठवड्याभरात कळवायचं होतं. धैर्यशीलचं मन बालरोगावर बसलेलं. इंटर्नशिपला असताना लहान मुलांच्या वॉर्डात तापानं फणफणलेलं एक बाळ त्याचं बोट मुठीत धरून झोपी गेलं होतं. बाळाची झोप मोडू नये म्हणून हा तसाच वाकून उभा राहिला, पाठीला रग लागली तरी हलला नाही. आपल्याला आयुष्यात हेच करायचंय, असं त्याला त्या वेळी वाटलं. अर्थात बाळानं डोळे उघडले असते तर काय झालं असतं, हा वेगळा प्रश्न. पण पैलवानाच्या घरात असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, म्हणून त्यानं ती कुणाला सांगितली नव्हती.

वडील विजयसिंह, म्हणजे सगळ्या गल्लीचे आबा, एकेकाळचे नावाजलेले मल्ल. आता दारात म्हशी बांधून होते आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीवर मत बाळगून होते. मुलाच्या बाबतीतही ते ठाम होतं.

"हाडाचा डाक्टर हो," आबा म्हणाले. "ह्या गावात तालमी हाईत, मोटरसायकली हाईत आन् रस्त्याला खड्डं हाईत. जल्मभर काय कमी पडायचं न्हाय."

"आबा, मला पोरं आवडत्यात."

"तुला आवडत्यात रं. पोरांस्नी तू आवडत न्हाईस. त्येचं काय करायचं?"

आबांना न विचारता संगणकावर बटण दाबून मोकळं होता आलं असतं, पण बापाचा शब्द मोडून डॉक्टर व्हायचं आणि जन्मभर दोघांनी एका ताटलीतल्या भाकरीकडे बघत मुकं जेवायचं, हे त्याला नको होतं. त्याला शाखा हवी होती आणि आबांचा होकारही हवा होता. शेवटी आबांनीच कुस्ती लावावी तशी पैज लावली. रविवारी नातवाचं, म्हणजे गडहिंग्लजला दिलेल्या लेकीच्या, स्वप्नालीच्या सम्राटचं, जावळ होतं. पोर तिसऱ्या वर्षात, आणि रीतीप्रमाणे जावळ काढताना ते मामाच्या मांडीवर बसणार. न रडता बसलं तर धैर्यशीलनं खुशाल पोरांचा डॉक्टर व्हावं. रडलं तर हाडं, आणि पुन्हा तो विषय नाही.

पैज ऐकायला सोपी, पण तिकडे गडहिंग्लजला स्वप्नालीही माहेरच्याच वळणाची होती. सम्राट जेवेना झाला की ती व्हिडिओ कॉल लावायची. मामाची मिशी पडद्यावर दिसली की पोरगं घास न चावता गिळायचं.

शनिवारी सकाळी आबा एक म्हैस बघायला टेम्पो घेऊन चंदगडला गेले. आई भावांना आमंत्रण द्यायला पेठ वडगावला गेली, ती त्यांना घेऊनच रविवारी येणार होती. घरात एकटा धैर्यशील, आणि दुपारच्या एसटीनं सम्राट येणार. त्यानं जाडजूड पुस्तक काढलं. लहान मुलांना ज्याची भीती वाटते ते आधी दुसऱ्याच्या अंगावर करून दाखवावं, म्हणजे भीती मोडते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. धैर्यशील उठला तो थेट आकाराम न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला, आणि त्यानं सांगितलं की डोकं पूर्ण उतरवा. मग भीतीचं मूळ ते हेच असा विचार करून म्हणाला की मिशीपण.

आता कोल्हापुरात भरदिवसा धडधाकट तरणाबांड माणूस डोकं आणि मिशी दोन्ही कशापायी उतरवतो, हे काय सांगायला पाहिजे? शेंबडं पोरगंही सांगेल. पण आमच्या डॉक्टरांनी इतकी वर्षं हॉस्टेलात राहून इतकं काही पाठ केलं होतं, की बाप गेल्यावर काय करतात ही साधी गोष्ट ऐन वेळी डोक्यातून निसटली.

आकारामच्या हातातला वस्तरा थबकला. त्यानं आधी रेडिओ बंद केला. मग काही न बोलता, हलक्या हातानं डोकं केलं, मिशी उतरवली, आणि पैसे द्यायला लागल्यावर हात जोडले. आज काय हा एवढा गप्प, असं धैर्यशीलला वाटलं खरं, पण एसटीची वेळ झाली होती. टॉवेल खांद्यावर टाकून तो निघाला. समोरून शेजारच्या झुंबरबाई भाजी घेऊन येत होत्या. त्याला बघितलं आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी तोंडाला पदर लावला. धैर्यशीलनं कांदे गोळा करून पिशवीत भरून दिले, "येतो काकू" म्हणाला आणि घाईनं स्टँडकडे गेला. पोरगं किती धीराचं, स्वतः दुःखात असून माझं कांदं उचललं, असं सांगत झुंबरबाईंनी गल्ली गाठली.

तिथून पुढे काही हातात राहिलं नाही. आबांच्या दाराला कुलूप. म्हणजे बायको तिकडेच गेली. आबा चंदगडला गेल्याचं सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी त्यांचा फोन लावून बघितला, तो लागेना. चंदगडच्या डोंगरात जिवंत माणसाचाही फोन लागत नाही, पण त्या दिवशी एवढा विचार कोण करतो? आईला फोन करायचा तर अशी बातमी फोनवर बोलायची नसते. आणि धैर्यशीलला विचारायचं तरी काय? त्याचं डोकंच सांगत होतं.

आमच्या गल्लीला दहा दोष असतील, पण माणुसकीत ती कमी पडायची नाही. बघता बघता दारात खुर्च्या आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून झुंबरबाईंनी पातेलंभर पिठलं घाटलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. तालमीच्या मंडळींनी डिजिटल बोर्ड छापून आणला. घाई फार होती, म्हणून छापणाऱ्यानं मागल्या वर्षीच्या वाढदिवसाच्या बोर्डाचीच फाईल उघडली आणि वरची ओळ तेवढी बदलली. फोटो तोच, फेटा बांधून हसणारा. वर "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि खाली, जसंच्या तसं, "शुभेच्छुक : समस्त गल्ली."

इकडे स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागली. स्वप्नालीनं खिडकीतून भावाला बघितलं आणि "आबा गं" म्हणून असा टाहो फोडला की कंडक्टरसुद्धा खाली उतरला. गाडीतल्या बायकांनी तिला पाणी पाजलं, एकीनं पाठीवरून हात फिरवला. धैर्यशील गोंधळून बघतच राहिला.

"कवा गेलं रं?" स्वप्नालीनं हुंदके देत विचारलं.

"सकाळी. म्हैस बघायला."

"आन् मग ह्ये डोस्कं?"

तिच्या तोंडून सगळं ऐकल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. मग तिनं त्याच्यावर जो शिव्यांचा पट्टा सोडला तो इथं सांगण्यासारखा नाही. पाणी पाजणाऱ्या बायकांनीही तिला साथ दिली. पण एक नवल घडलं होतं. सम्राट रडला नव्हता. हा गुळगुळीत गोटा म्हणजे व्हिडिओतला मिशीवाला मामा, हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं हात पुढं करून त्या डोक्यावर एक चापट मारली, मग दुसरी, आणि खुदकन हसला. धैर्यशीलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. स्वप्नालीच्या शिव्या त्याला त्यानंतर ऐकूच आल्या नाहीत.

भाच्याला खांद्यावर बसवून तो गल्लीच्या तोंडाशी आला आणि जागीच खिळला. मांडव घातल्यासारखी गर्दी. खुर्च्यांवर माना खाली घालून माणसं. बोर्डावर हसणारे आबा. मागून स्वप्नाली बोर्डाची खालची ओळ वाचून फिसकन हसली आणि सम्राट मामाच्या डोक्यावर तबला वाजवत होता. बाप जाऊन दिवस मावळला नाही आणि पोरं हसत येतायत, हे बघून गल्लीला भोवळ यायची बाकी राहिली. धैर्यशील सगळं समजावून सांगण्यासाठी तोंड उघडतो न उघडतो तोच मागून टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोत म्हैस होती आणि ड्रायव्हरशेजारी साक्षात आबा.

आबा उतरले. कोण गेलं म्हणून त्यांनी हळूच पायातली चप्पल काढली, टोपी सारखी केली, गंभीर चेहऱ्यानं चार पावलं पुढं आले आणि बोर्डासमोर उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

"शुभेच्छुक जरा म्होरं या," आबा म्हणाले.

कुणी पुढं आलं नाही. झुंबरबाई तेवढ्या हातात उलथनं घेऊन आल्या. त्यांनी आबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यांना आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. जित्तं हुता तर सांगायचं न्हाय व्हय, पातेलंभर पिठलं कुणी खायचं, असं त्यांनी आबांनाच फैलावर घेतलं. आकारामनं मात्र धैर्यशीलकडे बोट दाखवलं. आबांनी लेकाकडे बघितलं. डोकं बघितलं. मिशीची रिकामी जागा बघितली. त्यांचा आवाज एकदम बसला.

"बाप जित्ता असताना मिशी उतरवलीस?"

हे मात्र हसण्यावारी न्यायचं नव्हतं. शाखा गेली, पैज गेली, आता घरातून तरी हाकलू नये एवढीच धैर्यशीलची इच्छा उरली. त्यानं खरं तेच सांगितलं.

"आबा, पोरगं मला भितंय. उद्या त्येच्या डोक्यावर वस्तरा लागायचा. म्हटलं आधी माझं काढून दाखवावं, म्हंजे त्येला भ्या वाटायचं न्हाय. तुमचं ध्यानातच आलं न्हाय."

आयुष्यात आबांनी भल्याभल्यांना चितपट केलं होतं, पण मिशीला कधी हात लावू दिला नव्हता. आणि या गड्यानं दोन वर्षांच्या पोराच्या रडण्यापायी ती उतरवून टाकली. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांना गल्लीसमोर दाखवायचं नव्हतं. म्हणून ते नातवाकडे वळले आणि हात पसरून म्हणाले की ये माझ्याकडं.

सम्राटनं वर बघितलं. समोर तीच. व्हिडिओतली. पीळ भरलेली मिशी. त्यानं असं भोकाड पसरलं की टेम्पोतली म्हैससुद्धा दचकली. पोरगं मामाच्या मानेला घट्ट मिठी मारून टकलाआड लपलं.

"रडलं," आबा लगेच म्हणाले. "पैज हरलास."

गल्ली कुजबुजली. कुस्तीच्या निकालात या गल्लीला कुणी फसवू शकत नाही, मग पैलवान कितीही मोठा असो. शेवटी आकाराम पुढं झाला.

"आबा, ऱ्हावंना म्हणून बोलतो. जावळ उद्या हाय, आन् पोरगं धैर्याला बघून रडंना. तुमाला बघून रडतंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. झुंबरबाईंनी उलथनं हलवलं. आबांनी आणखी एक पाऊल पुढं टाकून बघितलं, तसा सम्राटचा आवाज चढला. एक पाऊल मागं घेतलं, तसा उतरला. हे त्यांनी पुन्हा एकदा करून खात्री करून घेतली. त्यांचा चेहरा पडला. एकुलता एक नातू, त्याच्यासाठी म्हैस आणलेली, आणि तो अंगाला हात लावू देईना.

आबांनी घसा खाकरला. इकडंतिकडं बघितलं. मग लेकाच्या जवळ येऊन, गल्लीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या आवाजात म्हणाले,

"डाक्टर, नातू हाय माझा. माझ्याकडं यीना. काय करायचं सांगा."

जन्मल्यापासून धैर्यशीलला घरात धैर्या, येड्या आणि म्हशीहूनही खालच्या नावांनी हाका मारल्या गेल्या होत्या. आबांनी त्याला "सांगा" म्हटलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. मग तो जपून, वॉर्डात बोलावं तसं बोलला.

"मिशी झाका. उभं ऱ्हाऊ नका, खाली बसा. हात पसरू नका. त्येला आपण होऊन येऊ द्या."

आबांनी लेकाच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, तोंडाभोवती गुंडाळला आणि भर गल्लीत स्वतःच्या श्रद्धांजलीखाली मांडी घालून बसले. कुणी हसलं नाही. सम्राट मुसमुसत बघत राहिला. मामानं त्याला खाली ठेवलं. तो थोडा वेळ मामाचं बोट धरून उभा राहिला, मग ते सोडून दुडूदुडू गेला आणि आबांच्या मांडीवर जाऊन बसला. आबा हलले नाहीत. पाठीला रग लागली असेल, तरी ते हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं टॉवेलाच्या आतून आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या मग ती हाडं."