आपली वेळ जवळ आली आहे

दातांच्या डॉक्टरांनी टेबलाचा खालचा खण उघडला. खण रिकामा होता. स्पेनमधल्या बैलझुंजीची जुनी, रंगीत चित्रांची बारा पोस्टकार्डं गायब होती. अठरा वर्षं कुठल्या कुठल्या संग्राहकांच्या मिनतवाऱ्या करून एकेक जमवलेली. बारावं तर गेल्याच आठवड्यात हाती लागलं होतं. रक्ताचं चित्र घरात नको, असा बायकोचा हुकूम, म्हणून ती कार्डं बिचारी दवाखान्यात राहायची.

"आई, या खणात काही चित्रं होती."

रिसेप्शनवरची मुलगी रजेवर गेल्यापासून सासूबाई हौसेनं तिच्या खुर्चीत बसत होत्या.

"होती ना. मागून अगदी कोरी होती, म्हणून सत्कारणी लावली. येतो येतो म्हणून न फिरकलेल्या पेशंटना धाडली. फोन कोणी उचलत नाही जावईबापू, पण हातचं अक्षर दिसलं की माणूस येतो."

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर डॉक्टरांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण सासूबाईंसमोर त्यांचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

"काय लिहिलंत?"

"दोनच ओळी. 'आपली वेळ जवळ आली आहे. येताना घरच्या कोणाला तरी सोबत आणावे. डॉक्टर.'"

दुसऱ्या दिवसापासून पेशंट येऊ लागले आणि तेही कुटुंबासकट. बँकेतले कॅशियर बायकोचा हात धरून आत आले. त्यांच्या कार्डावरच्या बैलाच्या मानेत चार भाले रुतले होते.

"काय निघालंय ते सरळ सांगा, डॉक्टर. मी मृत्युपत्र करूनच आलोय."

"काही निघालेलं नाही. कार्ड तेवढं द्या."

मुख्याध्यापिकाबाईंच्या कार्डावर तलवार मुठीपर्यंत आत गेलेली. त्या दारातच थांबल्या. "तुमच्या बोटाला मी चावले, कबूल आहे. पण त्याला तीन वर्षं झाली. माणसानं इतकं मनात ठेवावं?"

डॉक्टरांनी त्यांचीही माफी मागितली आणि कार्ड काढून घेतलं. शुक्रवारपर्यंत अकरा परत आली. मागे शाईची अक्षरं होती, पण चित्रांना धक्का लागला नव्हता. राहिलं बारावं, सगळ्यांत दुर्मीळ. त्यात बैलानंच माणसाला शिंगावर घेऊन उडवलं होतं. ते गेलं होतं अग्निशमन दलातल्या साहेबांकडे. हे गृहस्थ जळत्या इमारतीत बेधडक शिरायचे, पण दोन वर्षं दवाखान्याच्या जिन्यावरूनच माघारी फिरत होते.

शनिवारी ते आले. चेहरा पांढराफटक, कार्ड मुठीत.

"द्या ते इकडे," डॉक्टर अधीर होऊन म्हणाले.

"नाही. यात बैल जिंकलाय. म्हटलं, हे डॉक्टर टोचून घेणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या बाजूचे दिसतात. त्याच जोरावर जिना चढलो. दाढ निघेपर्यंत हातात राहू दे."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चिमटा धरला. त्यांचा एक डोळा दाढेवर होता आणि दुसरा मुठीवर. दाढ हलली तशी मूठ आवळली. दाढ सुटली आणि मुठीत कर्रकन आवाज झाला.

दवाखान्यात अशी किंकाळी उठली की बाहेरचे दोन पेशंट चपला सोडून पळाले. सासूबाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आत आल्या.

साहेब गालात कापूस धरून शांत बसले होते. कार्डाचा बोळा त्यांनी ट्रेमध्ये दाढेशेजारी ठेवला आणि सासूबाईंच्या हातातला ग्लास घेऊन डॉक्टरांपुढे धरला.

"मला तर काही कळलंसुद्धा नाही," ते बोबड्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला फार दुखलं का, डॉक्टर?"