महागाई न मानणारे नाना

धुळ्याच्या शाळेत बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एका माणसाशी पंधरा मिनिटं घासाघीस केली आणि मग कळलं, की दुकान त्याचं नव्हतंच.

चूक माझी. पण कुणाचीही झाली असती. जळगावहून आणलेलं सामान अजून सुटलं नव्हतं आणि बायकोनं शेंगदाण्याचं तेल आणायला पिटाळलं होतं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान. गादीवर पांढऱ्या टोपीचे एक धिप्पाड गृहस्थ, समोर पोत्यावर मळक्या बंडीतला एक बारीकसा म्हातारा. मी भाव ऐकून म्हटलं, "फारच महाग हो!"

टोपीवाले कडाडले, "महागाई शे कोठे?"

मालाची एवढी बाजू घेतो म्हणजे हाच मालक! मी चार आणे कमी करू पाहत होतो, ते एक पैसा हलेनात. पोत्यावरचा म्हातारा मात्र माझ्या बाजूनं. "बरोबर बोलता साहेब. लूट चालली आहे, लूट! गरिबानं खायचं काय?"

"बघा शेठ," मी टोपीवाल्यांना म्हटलं, "तुमचं गिऱ्हाईकच सांगतंय!"

तेव्हा तो म्हातारा उठला, त्यानं निमूटपणे तेल मापलं, पूर्ण पैसे घेतले आणि गल्ल्यात टाकले.

तो केवलशेठ. दुकान त्याचं. गादीवर बसलेले दगडूनाना हे त्याचं गिऱ्हाईक. विकणारा म्हणे महाग आणि घेणारा म्हणे स्वस्त, असा बाजार मी तरी दुसरा पाहिला नाही.

नानांची सगळी नोकरी महसूल खात्यात झालेली. सरकारला कुणी नावं ठेवली, की घरच्या माणसाला ठेवल्यासारखं त्यांना लागायचं. दुष्काळाच्या साली रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, आली. "रक्त वाढतं यानं," म्हणत नाना तिची भाकरी दुकानात आणून सगळ्यांदेखत खायचे. कवळी निसटायची, मत निसटायचं नाही. साखर मिळेनाशी झाली तेव्हा "मला मूळचा गुळाचाच चहा आवडतो," असं त्यांनी जाहीर केलं. घरात नानांच्या पत्नी अक्का कपाळाला हात लावून बसल्या.

"नाना, थोडी शरम करो!" शेठ ओरडायचा. "दिल्लीवाले तुम्हाला जावई करून घेणार आहेत का?"

"मना जावई शिंदखेड्याले शे. त्याले बी महागाई दिसत नही!"

"कशी दिसेल? त्याचं धान्य सासऱ्याकडून जातं!"

एका हिवाळ्यात तर महागाई नाही हे सिद्ध करायला नानांनी अख्ख्या गल्लीला भरीत-पुरीचं जेवण घातलं. शेठ पंगतीत बसून आठवी पुरी मोडत म्हणाला, "एवढ्या खर्चात पूर्वी लग्न व्हायचं!" नाना वाढता वाढता गरजले, "तेल, डाळ, बठ्ठं स्वस्त शे! आनखी घे!"

मग शेठाणी गेल्या. इंदूरचा मुलगा येऊन शेठला घेऊन गेला. एसटीच्या खिडकीतूनही शेठ भांडतच होता. "इंदूरला डाळीचा काय भाव आहे ते कळवतो, मग बोला!"

नाना पोस्टमनला गल्लीच्या टोकाला गाठू लागले. पत्र काही आलं नाही.

दुकान आता शेठचा पुतण्या पाहायचा. उभ्याउभ्याच माल तोलायचा आणि नाना काहीही बोलले तरी म्हणायचा, "जी नाना, बरोबर."

"बठ्ठासले हो म्हनस तो," नाना मला म्हणाले. "त्यानासंगे काय बोलानं?"

संध्याकाळी इंदूरची गाडी यायच्या वेळी ते स्टँडवर दिसायला लागले. विचारलं तर म्हणत, "केळ्यांचा भाव बघत होतो." केळीवाली तेव्हा हातगाडी लोटत केव्हाच घरी गेलेली असायची.

असे काही महिने गेले. एके दिवशी मी दुकानात गेलो, तर नाना गादी सोडून पोत्यावर बसलेले. मला पाहताच त्यांनी सुरू केलं, "लूट चालली आहे मास्तर, लूट! गरिबानं खायचं काय?"

मी चाट पडलो. "नाना, तुम्ही? सरकारला सोडलंत?"

त्यांनी आवाज खाली आणला. "शेठनी बाजूनं बोलनारा आते कोन शे?"

आणि रिकाम्या गादीकडे बोट केलं. "बसा तिथं. तुम्ही माझ्या बाजूनं बोला."

मी बसलो. "साखर तशी... स्वस्तच म्हणायची," मी पुटपुटलो.

"जोरात! मी काय असा मिळमिळीत बोलतो?"

मी ओरडलो. साखर स्वस्त, डाळ स्वस्त, रॉकेल तर फुकटच. माझा पगार आठवून माझाच आवाज चिरकत होता. नाना डोळे मिटून ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "असं ऐकू यायचं होय त्याला?"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळ्यांची परात बाजूला सारली. मग म्हणाली, "उद्यापासून तुमचं ताट अर्धा तास उशिरा वाढते. आणि मधूनमधून हरत जा."