दूध आधी

जागा मिळवण्याचा जगात एकच नियम आहे: जो आधी बसतो तो उठत नाही. पंगतीत हे सर्वांना ठाऊक असतं. विज्ञानाला जरा उशिरा कळलं.

वसईच्या औद्योगिक वसाहतीत चंद्रहासशेठ लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, तपासणीच्या प्लेटी बनवतात. प्लास्टिकच्या या प्लेटीत बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी आधी पेप्टाइड, म्हणजे जंतूच्या प्रथिनाचा कृत्रिमरीत्या बनवलेला इवलासा तुकडा, चिकटवायचा. उरलेली जागा पावडरच्या दुधाने भरायची, म्हणजे तिथे भलतं काही चिकटत नाही. मग आजाऱ्याच्या रक्तातली प्रतिपिंडं तो तुकडा पकडतात आणि शेवटी खळगा पिवळा होतो. (पेप्टाइड सहजी चिकटत नाही, चिकटलं तरी धुताना निघून जातं. या बाबतीत ते भाडेकरूच्या अगदी उलट आहे.)

नव्या मशीनच्या मुहूर्तावर शेठनी हा क्रम सुधारला.

"दूध आधी," ते म्हणाले.

"साहेब, मग पेप्टाइडला जागाच उरणार नाही," विनिता म्हणाली. ती तिथली केमिस्ट, अर्नाळ्याची.

"अगं, विरारला फ्लॅट घेतला तेव्हा आधी दूधच उतू घालवलं ना? सामानाचं काही अडलं का?"

युक्तिवाद बिनतोड होता.

प्लेटी निघाल्या. एकही खळगा पिवळा होईना. पडताळणीसाठी जपून ठेवलेलं पक्क्या रोग्याचं रक्तसुद्धा निरोगी ठरलं. शेठनी त्या रोग्याचं अभिनंदन केलं. लेप्टोचं प्रमाण शून्य टक्क्यांवर आलं. (तापाचं होतं तेवढंच राहिलं, पण ताप मोजणं हे प्लेटीचं काम नव्हे.) सोसायट्यांनी 'लेप्टोमुक्त' असे बॅनर लावले.

तेवढ्यात विनिताच्या आईला, कमळीबाईंना, ताप भरला. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टरांनी लिंबूसरबत सांगितलं.

"पोरी, तुझा कागद बरा हाय," कमळीबाई म्हणाल्या, "पन माझं अंग भाजतंय, डोळे लाल झालेत, ते कागदाला कोन सांगनार?"

विनिताने कुणाला न विचारता एक प्लेट जुन्या क्रमाने केली. आईचा खळगा हळदीसारखा पिवळा झाला. औषध सुरू झालं, कमळीबाई वाचल्या.

शेठ दिलदार माणूस. त्यांनी दोन्ही प्रकारच्या प्लेटी बाजारात आणल्या. विनिताची कुणी घेईना. तिच्यात लोक आजारी निघतात, अशी तक्रार आली. शून्य टक्क्यांची वाट लावल्याबद्दल सोसायटीने कमळीबाईंच्या निषेधाचा ठरावही केला.

आता गिऱ्हाइकाला कोणती प्लेट हवी ते विचारावं, असा लॅबमध्ये नियम आहे. पण विचारायची वेळच येत नाही. तुमचाही मागचा रिपोर्ट स्वच्छ आला, तेव्हा तुम्ही लॅबवाल्याला पेढे दिलेत. प्लेट दाखवा, असं म्हणाला नाहीत.