आधी न्हाऊ, मग करार

"आबा, उद्या साबण कंपनीचे साहेब येतायत. त्यांना आपलं नो-हाउ हवंय!" सूनबाई दारातून ओरडली आणि फोन वाजला म्हणून तशीच आत पळाली.

साबणाच्या भट्टीच्या धडधडाटात आबांच्या कानांनी त्यांना सोयीचा तेवढाच शब्द उचलला. "न्हाऊ? मग घालू की! साबण पारखायचा तर दुसरं काय करणार?"

आबांचा जीव टांगणीला लागला होता. मुलगा नोकरीत रमलेला. सूनबाईनं ढवळणीला हात लावला की आबाच म्हणायचे, "राहू दे, तुला नाही जमायचं." आपण डोळे मिटले की भट्टी विझणार, ही एकच खंत. देवानंच साहेबांना धाडलं म्हणायचं! दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेच पाणी तापत ठेवलं.

सूनबाई करारासाठी वकीलबाईंना आणायला गेली आणि नेमके तेव्हाच साहेब दारात हजर.

"नो-हाउ आधी, की करार?" साहेबांनी विचारलं.

"आधी न्हाऊ! कोरड्या अंगानं कसला करार?"

"पण गोपनीयता?"

"दाराला आतून कडी आहे."

"वकीलबाईंच्या समोर द्यायचं ठरलंय ना?"

"बाईंसमोर?" आबांनी कानांना हात लावले. "शिव शिव! आमच्या घरात असलं चालत नाही, साहेब!"

साहेब गोंधळले. पण मसुद्यात 'प्रात्यक्षिक' असा एक शब्द होता खरा. हेच ते असावं, असं समजून ते आबांनी दिलेला पंचा खांद्यावर टाकून न्हाणीत गेले.

सूनबाई वकीलबाईंना घेऊन आली, तर न्हाणीतून साहेबांचं गाणं ऐकू येत होतं.

"आबा, हे काय?"

"तूच म्हणालीस, न्हाऊ हवंय!"

सूनबाईनं कपाळावर हात मारला. वकीलबाईंनी हसू दाबत समजावलं, "नो-हाउ म्हणजे हातातलं कसब, आबा. कसं करायचं त्याचं ज्ञान. ते गुपित असेल आणि दुसऱ्याला देता येत असेल, तरच कायद्यात त्याला मोल."

तेवढ्यात कडी निघाली. केस पुसत साहेब म्हणाले, "अहो, या खाऱ्या पाण्यात एवढा फेस? आमचा साबण असल्या पाण्यात नुसता गोळा होऊन बसतो! कसं करता?"

"तेल आणि खार एकजीव झाले की ढवळणी हाताला सांगते, पुरे."

"काय सांगते?" वकीलबाईंनी लेखणी उचलली.

"ते बोलण्यात येत नाही हो. शेजारी उभं राहून हातात यावं लागतं." आबांचा आवाज पडला. "म्हणजे देता येत नाही. संपलंच म्हणा."

"मग आमची माणसं इथंच शिकायला येतील. भट्टी चालू ठेवा," साहेब म्हणाले. "पण ते दुसऱ्याच्या हातात येतं, याची खात्री काय?"

सूनबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"रागावू नका, आबा. दुपारी तुम्हाला डुलकी लागते ना, तेव्हा वर्षभर मीच ढवळतेय. साहेब आत्ता ज्या साबणानं न्हाले, तो घाणा माझा होता."

आबांनी कोनाड्यातली त्याच घाण्याची वडी उचलली, हुंगली, अंगठ्यानं दाबली. बोट ठेवायला जागा नव्हती.

"वकीलबाई," ते घसा खाकरून म्हणाले, "शिकवणारी म्हणून हिचं नाव घाला."

"आणि तुमचं?"

"माझंही घाला. दुपारी झोपायची जबाबदारी माझी. मी जागा राहिलो असतो, तर ही शिकली कधी असती?"