निकमकाकांची पाच बोटं

निकमकाकांना "काय, कसं काय?" असं चुकूनही विचारू नका. तुम्ही आपलं सहज विचाराल, ते म्हणतील, "गुडघा दुखतोय." आणि मग स्वतःच स्वतःला विचारतील, "का?" करंगळी दुमडली. "जिना चढलो. का?" दुसरं बोट. "लिफ्ट बंद. का?" असं करत अंगठा दुमडून मूठ बंद होईपर्यंत तुमची बस निघून गेलेली असते.

दिघ्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं क्वालिटीला होते. पार्ट रिजेक्ट झाला की कुणावर ओरडायचं नाही, पाचदा 'का' विचारून मूळ कारण गाठायचं, अशी तिथली पद्धत. रिटायर झाले आणि जुईनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आता तपासायला पार्ट कुठून आणणार? पण सोसायटीत पोरं भरपूर.

आणि पोरंही कशी! आम्ही लहानपणी सगळे 'द्वाड' या एका शब्दात मावायचो. आता आमच्या बिल्डिंगमध्ये एकही मूल नुसतं द्वाड नाही. कुणी हायपर, कुणाचा फोकस नाही, कुणाला स्क्रीनचं ॲडिक्शन. काकांना हे पटत नाही. "लेबल लावलं म्हंजी कारण गावलं, असं न्हाय," ते म्हणतात.

तळमजल्यावरचा अद्वैत रोज संध्याकाळी रडत भांडी आपटायचा. काका चौकशीला हजर. पोरगं आदळआपट का करतंय? चिडलंय. का? बापाची वाट बघून कंटाळलंय. का? बाप गेटपर्यंत येतो, पण घरात येत नाही. का? पार्किंगला जागा शोधत फिरतो. का? सेक्रेटरींनी दोन जागा अडवल्यात. झाली मूठ बंद! काकांनी हे भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. सेक्रेटरी भोईर जागचे उठले. "पोराच्या रडन्यात माजी गारी कुठशी आली?" काका शांतपणे म्हणाले, "पाचव्या बोटावर आली."

सगळीच कारणं काही अशी बरोबर निघायची नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची आर्या एका जागी बसत नाही, याचं मूळ त्यांना खुर्चीच्या आखूड पायात सापडलं होतं. दोन दिवस खपून त्यांनी पायाखाली लाकडी चकती बसवली. आर्या अजूनही बसत नाही, पण खुर्ची मात्र डुगडुगायची थांबली.

मी पोट धरून हसायचे. पण स्वतःच्या घरात मला हसायला काही जागा नव्हती. माझी ओवी तिसरीत. डायरीत रोज लाल शेरा: लक्ष देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. दिवाळीनंतर टीचरनी बोलावून स्पष्टच सांगितलं, वर्षअखेरीपर्यंत सुधारली नाही तर दुसरी शाळा बघा. मी हादरले. मग काय नाही केलं मी? अबॅकस लावलं, ब्राह्मी पाजली, साखर बंद, टीव्ही बंद. बहिणीने सांगितलं म्हणून अभ्यासाचं टेबल पूर्वेला फिरवलं. "तुझ्यावर गेलीय," एवढं निदान करून नवरा मॅच बघायला बसला.

एका रविवारी दुपारी ओवीला जेवायला तीनदा हाक मारली. ती आपली खाली बसून चित्र रंगवतेय. चौथ्यांदा जाऊन पाठीत धपाटाच घातला. दार उघडं होतं, आणि काका आमचा पेपर परत करायला दारात उभे.

"का मारलं?"

"काका, प्लीज. आत्ता नको हां."

"का मारलं, ताई?"

"ऐकत नाही म्हणून!"

करंगळी दुमडली. "का ऐकत न्हाय?"

"लक्ष नसतं!"

"का नसतं?"

"मला काय माहीत? त्या कार्टीलाच विचारा!"

"तुमी विचारलं?"

नव्हतं विचारलं. अबॅकसच्या बाईंना विचारलं होतं, बहिणीला विचारलं होतं, मोबाईललासुद्धा विचारलं होतं.

काका गुडघा धरत ओवीशेजारी खाली बसले. "ओवे, आई हाक मारती तवा काय हुतं?"

"कधी येते हाक, कधी येतच नाही." ती डोळे पुसत म्हणाली. "वर्गात तर पंखाच जास्त बोलतो."

ती पुन्हा चित्रात रमली, तसे काका हळूच मागे सरकले आणि तिच्या उजव्या कानाशी पुटपुटले, "कुल्फी."

ओवी टुणकन वळली. "कुठेय?"

थोड्या वेळाने डाव्या कानाशी, "कुल्फी." काही नाही. पुन्हा, "कुल्फी." ओवी हत्तीची शेपटी रंगवत राहिली. माझी मुलगी आणि कुल्फीकडे दुर्लक्ष?

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. सर्दी मुरून डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. उपचारांनी बरं होईल, तोवर वर्गात पुढे बसवा, म्हणाले. त्या धपाट्याची मला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. मार्चमध्ये डायरीत नवा शेरा आला: वर्गात फार बोलते. मी आनंदाने सही केली. दुसऱ्या शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

सही केली त्याच दुपारी आम्ही दोघी कुल्फी घेऊन काकांकडे गेलो. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांनी कुल्फीची वाटी बाजूला ठेवली.

"आमचा विकास बी असाच. हाक मारली की यायचा न्हाय, आन् मी मारायचो," ते म्हणाले. "मिलिटरीच्या भरतीला गेला. पळण्यात पयला आला, आन् मेडिकलला बाद. एका कानानं ऐकूच येत न्हवतं त्याला, ल्हानपणापासनं. बाद झाल्याचा कागद माज्याम्होरं ठेवला आन् काय बी बोलला न्हाय." "कंपनीत लोखंडासाठी पाच-पाच बोटं दुमडली, ताई. घरी आलो की सरळ हातच उचलायचो."

विकास पुण्याला असतो. काकू होत्या तोवर त्यांना फोन करायचा.

"तुम्ही करा की फोन," मी म्हटलं.

"काय बोलू? त्यो फोन कंच्या कानाला लावतो, ते बी मला ठावं न्हाय."

ओवीने कुल्फी चाटता चाटता विचारलं, "का नाही माहीत?"

काकांनी सवयीने करंगळी दुमडली. "कधी विचारलं न्हाय."

"का नाही विचारलं?"

दुसरं बोट अर्ध्यावर थांबलं, काही केल्या दुमडेना. "ओवी, गप्प बस," माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मी तिला अडवलं नाही.