बापूसाहेबांचा अंगठा

प्रोफेसर अभिराम यांचं स्वतःच्या डोक्याबद्दल फार चांगलं मत होतं. आतून तर होतंच, बावीस वर्षं मानसशास्त्र शिकवत होते. पण बाहेरूनही होतं. बैठकीत त्यांच्या लग्नाचा फोटो होता आणि त्यातला गुलाबी फेटा असा काही बसला होता, की आल्यागेल्याला ते म्हणत, "बांधणाऱ्याचं कौतुक आहेच, पण डोक्याची घडणही लागते." यावर त्यांची बायको वीणा चहा टाकायला आत जाई.

तो फेटा बांधला होता गढा भागातल्या बापूसाहेबांनी. जबलपूरच्या मराठी घरात लग्न ठरलं की आधी बापूसाहेबांची तारीख घ्यायची, मग कार्यालयाची. आता ते त्र्याऐंशीचे झाले होते. सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नसे, म्हणून तो दोनदा होई. समोरचा माणूस कोण, हे विचारून घ्यावं लागे. पण हातात कापड द्या, दीड मिनिटात फेटा तयार!

वीणाची भाची दुर्वा हिचं लग्न मदन महलजवळच्या कार्यालयात होतं. वऱ्हाड नागपूरचं, फेटे एकवीस. नवरदेवाच्या वडलांनी फोनवरच बजावलं होतं, "आमच्यात उघड्या डोक्यानं नवरदेव बोहल्यावर चढत नाही." त्यामुळे दुर्वाचे वडील विष्णू सकाळपासून बापूसाहेबांना डोळ्यांत तेल घालून जपत होते.

अभिरामना मात्र यात वर्गात दाखवण्याजोगी फिल्म दिसली. लगीनघाईत विष्णूला कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले, "दीर्घकालीन स्मृती एक नसते. भोपाळ राजधानी आहे, ही माहितीची. काल काय जेवलो, ही प्रसंगांची. आणि सायकल चालवणं, ही हातापायांची. बापूसाहेबांच्या पहिल्या दोन गेल्यात, तिसरी ठणठणीत आहे. ही कला जपायला नको?"

"जपा ना जिजाजी," विष्णू म्हणाले, "फक्त मुहूर्त अकरा चाळीसचा आहे."

पहिले तीन फेटे बघताना अभिराम मोबाईल धरल्या हातानेच हरखून गेले. नऊ वार कापड हवेत उठे, पीळ पडे, वेढे एकावर एक बसत, तुरा ताठ उभा राही. बापूसाहेबांचं लक्ष खिडकीबाहेर. असं सुंदर काम आपण आयुष्यात केलं नाही, असं अभिरामना मनापासून वाटलं, आणि तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं.

चौथ्याला नवरदेवाचे काका बसले. अभिरामनी विचारलं, "बापूसाहेब, डावा अंगठा नेमका कुठं ठेवता?"

"अंगठा?" बापूसाहेबांनी अंगठ्याकडे पाहिलं. "ठेवतो कुठंतरी."

"आणि पहिला वेढा? उजव्या कानावरून की डाव्या?"

बापूसाहेबांचे हात थांबले. "थांबा," ते म्हणाले, "विचार करून राहिलो."

झालं! साठ वर्षांत या कामात त्यांनी विचार कधी केला नव्हता. फेटा काकांच्या नाकावर उतरला. सोडून पुन्हा बांधला, तर एक कान आत, एक बाहेर. तिसऱ्यांदा बांधला तेव्हा जवळून जाणाऱ्या एका पाहुणीने काकांना विचारलं, "फार लागलं काय हो?"

बापूसाहेबांनी कापड खाली ठेवलं. "मला येत नाही," ते हळूच म्हणाले. "कधी येत होतं काय?"

अभिरामनी मोबाईल खाली केला. म्हाताऱ्याजवळ उरलेली एकुलती एक गोष्ट त्यांनी दोन प्रश्नांत काढून घेतली होती. भरपाई म्हणून मोबाईलमधली फिल्म बघत त्यांनी स्वतःच नवरदेवाला, सौमित्रला, फेटा बांधायला घेतला. सौमित्र संस्कारी मुलगा, मान पुढे करून बसला. मग फेट्याच्या आतून आवाज आला, "काका, काही दिसून नाही राहिलं."

अकरा वाजून गेले. बाहेर बँड थांबला, विष्णू घामाघूम झाले, नवरदेवाचे वडील दारात येऊन उभे राहिले. कोणीतरी वीणाला बोलावलं.

"काय विचारलं तुम्ही त्यांना?"

"अंगठा," अभिराम म्हणाले.

"अजून?"

"कान."

वीणाने त्यांच्या हातातला मोबाईल काढून घेतला. बापूसाहेबांना तिसरा चहा पाजला, काकांना पुन्हा समोर बसवलं, मांडीवर कापड ठेवलं आणि फेट्याचं नावसुद्धा न काढता विचारलं, "बापूसाहेब, तुमच्या वरातीत घोडी उधळली होती ना? कुठवर गेली?"

"गोहलपूर, दीदी!" बापूसाहेबांचे डोळे चमकले. ही गोष्ट तेवढी त्यांच्यात घट्ट राहिली होती. "मी वर, वरात मागं, आणि सासरेबुवा ओरडून राहिले, अरे जावई पळाला, पकडा..."

बोलता बोलता हातांनी कापड उचललं. कोणी श्वास घेईना. घोडी गोहलपूरला पोचली तेव्हा काकांचा तुरा ताठ उभा होता.

"मग घोडी कुठवर गेली होती?" दुसरा माणूस बसवत वीणाने पुन्हा विचारलं.

"गोहलपूर, दीदी!" बापूसाहेबांनी तेवढ्याच उत्साहाने सुरुवात केली, कारण आत्ताच सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या सकाळी घोडी अठरा वेळा गोहलपूरला गेली. अकरा पस्तीसला सौमित्र असा देखणा नवरदेव होऊन उठला, की त्याच्या वडलांनी वाकून बापूसाहेबांना नमस्कार केला. ते म्हणाले, "अच्छा, सुखी राहा. लग्न कोणाचं आहे?"

जादाचं एक कापड उरलं होतं. बापूसाहेबांनी अभिरामना बसायची खूण केली. "आपण कुठले?" त्यांनी अदबीने विचारलं. अभिराम बसले आणि या खेपेला तोंड घट्ट मिटून बसले.

बापूसाहेबांची बोटं डोक्यावर टेकली, मागे सरकली आणि थांबली.

"अरे, हे तर आपल्या वीणाचे यजमान!"

अभिराम वळून बघू लागले. चेहरा गेला, नाव गेलं, पण इतक्या वर्षांपूर्वी एकदाच हाताखालून गेलेलं डोकं त्या बोटांनी ओळखलं होतं. "ओळखलं तुम्ही मला?"

"ओळखणार नाही काहून? वीणा बाळ, रुमाल दे. दोन असले तर दोन दे. जावईबापूंचं डोकं मागून बसकं आहे, भर घातल्याशिवाय फेटा धरत नाही. लग्नातही घातली होती."

वीणाने पर्स उघडली. रुमाल दोन होते, घड्या घालून आणलेले.